गुऱ्हाळाचा कोबा

मांडवाचा टेम्पो फाटकातून आत आला, नव्या अंगणात जेमतेम त्याची पुढची चाकं चढली आणि डावं चाक खाली बसलं. आवाज म्हणावा तसा झालाच नाही. शिळी भाकरी मुठीत चुरावी तसं काहीतरी कुरकुरलं, आणि लाल ब्लॉकांची एक अख्खी रांग चाकाखाली पीठ होऊन गेली. ड्रायव्हरनं घाबरून गाडी मागं घेतली, तर आणखी दोन रांगा गेल्या. मग त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "राव, हे अंगण हाय का फरसाण?"

रखमाजी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होता. तो अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून खाली आला. त्याला आनंद झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण वाईट वाटलं असं म्हणणंही खोटं ठरेल. त्यानं एक ब्लॉक उचलला. वरचा रंगीत थर कडक होता, बोटाची टिचकी मारली तर वाजत होता. त्याच्या खालचा करडा भाग मात्र अंगठ्यानं दाबला की गळून पडायचा. रखमाजीनं दोन्ही तळहातांत तो चुरला आणि हात झटकले.

"भिका," त्यानं धाकट्या भावाला हाक मारली, "बघ रं, लेकीनं काय रांधलंय तुझ्या."

भिका आला, बघितलं, आणि नेहमीप्रमाणं काही बोलला नाही. थोरल्या भावासमोर बोलायचं नाही हे त्याचं लहानपणी ठरलं होतं, आणि आता पन्नाशीत ते मोडायचं त्याला काही कारण दिसत नव्हतं.

उद्या त्यांच्या वडिलांची, चांगदेव आण्णांची, पंचाहत्तरी होती. मंचरच्या, घोडेगावच्या लेकी-जावयांपासून बेल्ह्याच्या बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना बोलावणं गेलं होतं. आणि त्या सगळ्यांच्या देखत आण्णा आळेफाट्याकडच्या रस्त्यालगतची जागा नातीला, भिकाच्या श्रेयाला, देणार होते. त्याच जागेवर तिचा क्रशर उभा होता. रस्ता रुंद करताना पाडलेली दुकानं, जुन्या शाळांचे स्लॅब, विहिरींचे फुटके कठडे, असा जो राडारोडा लोक रात्रीतून ओढ्यात नेऊन टाकत, तो ती आणून फोडायची, चाळायची आणि त्याचे ब्लॉक पाडायची. रखमाजीला त्याच जागेवर त्याच्या मुलासाठी, समर्थसाठी, फॅमिली रेस्टॉरंट काढायचं होतं. आण्णांनी न्याय केला होता तो असा: आधी घरचं अंगण करून दाखव पोरी, मग जागेचं बघू. अंगण झालं, आण्णांनी त्यावर काठी आपटून बघितली आणि खूश झाले. टेम्पो मात्र काठीपेक्षा जड होता.

"श्रेयाला बोलवा," रखमाजी म्हणाला आणि राहिलेला गाल पुसून टाकला. "आणि तिच्या त्या भागीदारालाबी."

*

मोहसीन जुन्नरहून मोटारसायकलवर आला तेव्हा अंगणात पाहुण्यांचं कोंडाळं जमलं होतं. श्रेया मधोमध उकिडवी बसून ब्लॉक फोडत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक ब्लॉक आतून तसाच निघत होता. मोहसीन तिच्या शेजारी टेकला. त्यानंही एक फोडला.

"थंडीनं आसंल का?" तो हळूच म्हणाला. "रात्री लई गार व्हत्या."

"थंडीनं घट्ट व्हायला उशीर लागतो. इतका नाय." ती वर न बघता बोलली.

ही भागीदारी कशी जमली ते घरात सगळ्यांना पाठ होतं. मोहसीनचे वडील शौकतभाई पाडलेल्या इमारतींतलं लोखंड विकत घ्यायचे. लोखंड काढून झालं की उरलेल्या काँक्रीटचं काय करायचं हा त्यांना प्रश्न, आणि तेच काँक्रीट कुठून आणायचं हा डिप्लोमा करून आलेल्या श्रेयाला प्रश्न. एका पडक्या शाळेच्या आवारात दोन्ही प्रश्नांची गाठ पडली. तेव्हापासून माल आणणं, सिमेंट बघणं मोहसीनकडं आणि मशीन, मिश्रण श्रेयाकडं. आळेफाट्याच्या गॅरेजापुढं त्यांनी बसवलेल्या ब्लॉकांवर भरलेले ट्रक उभे राहत होते, त्यांना तडा नव्हता.

"सिमेंट कुठलं व्हतं ह्या खेपेला?" रखमाजीनं विचारलं.

"नारायणगावचं, तात्या. नेहमीच्या दुकानात माल नव्हता, म्हणून मामूकडनं आणलं."

"मामूकडनं." रखमाजीनं तो शब्द पाहुण्यांच्या दिशेनं फिरवून पुन्हा म्हटला. "भंगाराचा धंदा करणाऱ्याला जुनंपानं चालतं. पावसात भिजलेली पोती आसतील, चाळून परत भरलेली."

मोहसीनला याचं फारसं लागलं नाही. रखमाजीतात्यांचा संशय हा त्याच्या हिशेबी रस्त्यावरच्या खड्ड्यासारखा होता. तो कुठं आहे हे माहीत असल्यामुळं गाडी आपोआप बाजूनं जायची. तो श्रेयाकडं बघत थांबला. ती आता बोलेल, सिमेंट मी स्वतः बघितलंय म्हणेल, आणि हे संपेल. तिनं खरंच बघितलं होतं. पहिलं पोतं तिनंच फोडलं होतं.

श्रेयानं हातातला चुरा खाली टाकला. मशीन तेच, चाळण तीच, पाणी तिनं स्वतः मोजलेलं. बदललं होतं ते फक्त सिमेंट. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि उद्याची जागा त्या तोंडावर अवलंबून होती.

"मोहसीन," ती म्हणाली, "सगळी पोती तशीच व्हती का? का खालची येगळी निघाली?"

तो उठला आणि पँटीची धूळ झटकली.

"हे तू इचारतीस, का तात्यांच्या वतीनं इचारतीस?"

"मी इचारतेय."

"मग झालं," मोहसीन म्हणाला. तो कुणाला काही न बोलता फाटकाबाहेर गेला, आणि मंचरच्या आत्यानं शेजारणीच्या कानात सांगितलं की गुन्हेगार कसा लगेच पळतो बघ. मोटारसायकल दोनतीन किका मारल्याशिवाय चालू झाली नाही. तेवढ्या वेळात श्रेयाला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी वाईट केलंय.

*

दुपारी मजूर ब्लॉक उखडून ट्रॉलीत भरू लागले. त्या जागी मुरूम टाकून रोलर फिरवायचा असं ठरलं होतं. चांगदेव आण्णा पडवीतल्या खुर्चीवर बसून हे बघत होते. आपल्याच पंचाहत्तरीचं अंगण आदल्या दिवशी उखडलं जाताना बघणं फार कमी लोकांच्या नशिबी येत असेल. त्यांना राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढावा हे ठरत नव्हतं.

त्यांचा जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. मळ्यातलं त्यांचं गुऱ्हाळ याच हिवाळ्यात पाडलं. ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून ते बंदच होतं. चुलवाणात गवत वाढलेलं, रस उकळायची काहील केव्हाच विकलेली. पण एके काळी चांगदेवचा गूळ म्हटलं की जुन्नरच्या बाजारात ढेप फोडून बघायची गरज पडत नसे. गुऱ्हाळ पाडताना त्यांनी श्रेयाला एकच सांगितलं होतं, "त्यो कोबा वढ्यात टाकू नगं. घराच्या अंगणात घाल. मी रोज त्याच्यावरनं चालंन." जिथं रस उकळला, उतू गेला, काकवी सांडली, पिढीभर माणसं चिकट पायांनी वावरली, ती ही काँक्रीटची जमीन. श्रेयानं ती सगळीच्या सगळी फोडून अंगणात घातली होती.

"आगं बया!" रखमाजीची बायको गोजरबाई ट्रॉलीजवळ ओरडली. "ह्या दगडांस्नी मुंग्या कशा गं लागल्यात?"

फुटलेल्या ब्लॉकांवरून मुंग्यांची काळी धार लागली होती. पुरणाच्या पातेल्याला लागावी तशी ती थेट भिंतीपासून निघाली होती. गोजरबाईचा स्वभाव असा की समोर जे आलं ते आधी चाखून बघायचं. तिनं चुऱ्याला बोट लावलं, बोट जिभेवर टेकवलं, थुंकली आणि डोळे मोठे केले.

"आवो, हे गोड लागतंय!"

कुणीतरी हसलं. श्रेया हसली नाही. तिनं एक तुकडा नाकाशी नेला, मग दुसरा. मग ती पडवीच्या पायरीवर येऊन बसली, आणि आण्णांना तिचा चेहरा बघून कळलं की काहीतरी आपल्यापर्यंत येतंय.

"आण्णा, सिमेंट चांगलं व्हतं," ती म्हणाली. "कोब्यात गूळ मुरला व्हता. साखर-गूळ पडला की सिमेंट घट्ट व्हत न्हाई. आळेफाट्याला मिक्सरचे ड्रायव्हर केबिनमध्ये गुळाची ढेप घेऊन फिरतात. रस्ता तुंबला की मूठभर ढकलतात ड्रममधी, आतलं काँक्रीट बसू नये म्हणून. मला म्हाईत व्हतं हे. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलंय."

"मग धुतला का न्हाई?" रखमाजी मागं येऊन उभा राहिला होता.

"परक्याचा राडारोडा आमी तीनतीनदा धुतो, तात्या. कुठनं आलाय, त्यात काय सांडलंय म्हाईत नसतं म्हणून." तिनं हात मांडीवर पालथे ठेवले. "हा घरचा व्हता. घरचा काय धुवायचा, असं वाटलं."

आण्णांना ते लागलं. नातीची चूक असूनही त्यांना वाटलं, आपल्या गुऱ्हाळाच्या तोंडावर कुणीतरी थुंकलं. उद्या ही गोष्ट पाहुण्यांत गेली की काय काय ऐकावं लागेल याची यादी त्यांच्या मनात तयार होऊ लागली. बेल्ह्याचे व्यापारी म्हणतील, चांगदेवच्या गुळानं त्याचंच अंगण खाल्लं.

रखमाजीनं मात्र यातून वाट काढली. तो बाजार ओळखणारा माणूस होता. बैल विकला जात नसेल तर तोच बैल दुसऱ्या खुंट्याला बांधून बघायचा, हे तो बेल्ह्यात शिकला होता. तो पायरीवर श्रेयाच्या शेजारी बसला, आणि असा तो तिच्याजवळ कित्येक वर्षांत बसला नव्हता.

"आईक पोरी. जे झालं ते झालं. सिमेंट खराब व्हतं असं सगळ्या पावण्यांनी सकाळीच धरलंय. राहू दे तसंच. तुझंबी नाव राहतंय, आण्णांच्या गुऱ्हाळाचंबी. जागा तुलाच द्या म्हणून आता मीच आण्णांस्नी सांगतो. फकस्त त्या पोराला बाजूला कर आन् समर्थला संगती घे. रेस्टॉरंटचं खूळ सोडतो मी."

"आन् मोहसीन?"

"त्याचा बाप लोखंडात कमावतोय. त्याला काय कमी हाय?"

श्रेयानं भिकाकडं बघितलं. भिका खांबाला टेकून उभा होता. आयुष्यात एकदा तरी बोलावं असा तो क्षण होता, आणि तो बोललाही.

"जागा मिळतीय ना," भिका म्हणाला. "मग आता वाढवू नये."

सगळे आण्णांकडं वळले. आण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "सिमेंटचंच म्हणा."

श्रेया हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. आणि घरात नाही न म्हणणं म्हणजे काय, हे चौघांनाही नीट माहीत होतं.

दिवस कलताना ती स्कूटी काढून जुन्नरला गेली. मोहसीननं तिला दारातच थांबवलं असं नाही, पण आत ये असंही म्हटलं नाही. तिनं गुळाचं सगळं सांगितलं, चुकले म्हणाली, आणि त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला इथं सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "मला म्हाईतच व्हतं सिमेंट चांगलं हाय. जिथं इचारलंस तिथं सांग."

"येशील उद्या?"

"आब्बांना बोलावणं हाय, ते येणार हायेत. माझं बघतो."

*

मुरुमाचं अंगण चांगलं बसलं होतं, आणि त्यावर मांडव असा देखणा उभा राहिला की ब्लॉकांची कुणाला आठवणही झाली नाही. आण्णांना फेटा बांधला, लेकींनी ओवाळलं, जावयांनी हार घातले. मग आण्णांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की रस्त्याकडची जागा ते श्रेयाला देत आहेत, आणि समर्थ तिच्या सोबतीला राहील. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या रखमाजीच्या होत्या.

"दोन शब्द बोल," म्हणून माईक श्रेयाकडं आला.

तिनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. घरच्यांनी काय ठरवलंय ते तिला माहीत होतं, पण माईक हातात आल्यावर कोण काय करणार?

"काल आंगण उखडावं लागलं," ती म्हणाली. "सिमेंटला दोष लावू नका. सिमेंट चांगलं व्हतं. आण्णांच्या गुऱ्हाळाचा कोबा मी न धुता वापरला, आणि त्यात गूळ इतका मुरला व्हता, की त्यानं ब्लॉक घट्टच होऊ दिले न्हाईत. चूक माझी हाय."

रखमाजीचे हात टाळीसाठी उचललेले तसेच राहिले. आणि मग मागच्या रांगेतून बेल्ह्याचा एक म्हातारा व्यापारी ओरडला, "चांगदेवचा गूळ हाय त्यो! सिमेंटलाबी सोडणार न्हाई!"

मांडव हसून हसून लोटपोट झाला. कुणी शिट्टी मारली. एकानं उठून सांगितलं की या गुळाचा चहा प्यालेला माणूस अजून गार पडलेला नाही. आण्णा आधी दचकले, मग त्यांच्या लक्षात आलं की हे हसणं आपल्यावर नाही, आपल्या बाजूचं आहे. ते खुर्चीत ताठ बसले आणि फेटा सावरला. रखमाजीनंही टाळी पूर्ण केली. श्रेयाला एकदम हलकं वाटलं. खरंही बोलले आणि जागाही राहिली, दोन्ही एकाच वेळी होईल असं तिला वाटलंच नव्हतं.

शौकतभाई पहिल्या रांगेत होते. मोहसीन मांडवाच्या कडेला, पाण्याच्या जारजवळ उभा होता. ती जवळजवळ पळतच त्याच्यापाशी गेली.

"आईकलंस?"

"आईकलं. चांगलं बोललीस." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जड गेलं. "पण लोकांनी गूळ आईकला, श्रेया. माझं नाव तू घेतलंच न्हाईस. काल सांजच्याला दोन गिऱ्हाइकांचे फोन आले मामूला, तुमचं सिमेंट नको म्हणून. त्यांस्नी काय सांगू? चांगदेव आण्णांचा गूळ लई भारी व्हता म्हणून सांगू?"

स्टेजवर समर्थला शाल पांघरत होते. पंगतीसाठी पाट मांडले जात होते, गोजरबाई वाढप्यांवर ओरडत होती. थोडं थांबलं असतं तर सगळे जेवायला बसले असते आणि विषय पानावरच्या भातात मुरून गेला असता.

ती परत स्टेजवर चढली आणि माईक मागून घेतला.

"एक राहिलं," ती माईकवर म्हणाली. "काल सकाळी ह्याच आंगणात, तुमच्यासमोर, मी मोहसीनवर संशय घेतला. शौकतभाईंच्या मोहसीनवर. पहिलं पोतं मी माझ्या हातानं फोडलं व्हतं, तरी घेतला. दुपारी खरं कळलं. मला कळलं, घरातल्या सगळ्यांस्नी कळलं. आन् तरी आमी बसून ठरवलं, की बोल त्याच्यावरच राहू द्यायचा. म्हंजे त्यो निघंल आन् समर्थला जागा व्हईल. समर्थला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. मी तिथं बसले व्हते, मी गप्प बसले. धंदा माझा आन् मोहसीनचा हाय. त्याला काढून मिळणारी जागा मला नको."

या वेळी कुणी हसलं नाही. बेल्ह्याचा व्यापारी पायातल्या वहाणांकडं बघू लागला. समर्थनं खांद्यावरची शाल काढून हातात धरली, कारण तिचं काय करावं ते त्याला समजेना. रखमाजी झपाट्यानं पुढं आला, माईक घेतला, आणि पोरगी धावपळीनं दमलीय, पावण्यांनी जेवून घ्यावं असं सांगून त्यानं तो बंद केला. त्याचा चेहरा असा झाला होता की गोजरबाईसुद्धा त्याच्या वाटेतून बाजूला झाली.

पंगत बसली. शौकतभाईंनी शेजारच्या पाटावर हात ठेवून मोहसीनला बोलावलं, आणि मोहसीन जारजवळून निघून त्यांच्याशेजारी जाऊन बसला. जाताना त्यानं श्रेयाकडं बघितलं की नाही, ते तिला गर्दीत दिसलं नाही.

ती स्टेजच्या पायरीवरच बसली होती. भिका समोरून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा न थांबता गेला. शेवटी काठी टेकत आण्णा आले. त्यांचा फेटा सैल होऊन कानावर आला होता. ते बसले नाहीत, तिच्यापुढं उभे राहिले.

"रखमाजीला शबूद दिला आत्ता. जागा त्याची," ते म्हणाले. "घरातलं चव्हाट्यावर आणलंस. आता मला दुसरं कायबी करता येत न्हाई."

"व्हय."

"बोलताना कळत व्हतं का, जागा जाणार म्हणून?"

"कळत व्हतं."

"आगं, पयल्यांदा बोललीस तेवढ्यावर भागलं असतं की. लोक हासले, मीबी हासलो. परत कशाला चढलीस?"

श्रेयानं वर बघितलं.

"पयल्यांदा माझं काय जात नव्हतं, आण्णा," ती म्हणाली. "म्हणून तर परत चढावं लागलं."